बोडीच्या मायचं लुगडं

“लुगडं कोठी हाय तिचं? आँ? एवढ्या मोठ्या महालात एक लुगडं नाही भेटलं मायले?”

पवनीच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. त्या दुकानात उभी राहून गोदामामी ओरडत होती. समोर कोर्टात एका कोंबडीचोराचा निकाल वाचणं चालू होतं, ते साहेबांनी मध्येच थांबवलं. चोराला वाटलं, आपली सुटका झाली. तो पायऱ्या उतरून शांतपणे घराकडे निघाला, आणि त्याला धरायचं सोडून पोलीस आमच्या दुकानाकडे धावले. त्या आवाजानं गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले असंही काही लोक सांगतात. मी तसं म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो की त्या संध्याकाळी वैनगंगेचं पाणी चढलं होतं.

झालं होतं ते असं. नागपूरहून आलेल्या रेवतकर वकील मॅडमनी माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडला होता. पडद्यावर एक दगडी बाई होती. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा वस्तुसंग्रहालयात, पिवळ्या दिव्याखाली, गुळगुळीत फरशीवर ती उभी होती. गळ्यात हार, कमरेला मेखला, हातात कडी. आणि दागिने सोडले तर अंगावर काही नाही.

“आजी, ही ओळखीची वाटते का?” मॅडमनी एवढंच विचारलं.

मामीनं पदर डोळ्यांवर ओढला, पाठ फिरवली, मागे हात करून अंदाजानं लॅपटॉप धाडकन मिटला. मॅडमची बोटं आत होती. पण किंचाळायला मॅडमला वावच मिळाला नाही, कारण मामीचं सुरू झालं होतं.

“साऱ्या दुनियेसमोर उभी केली! तिकीट लावून पाहून राहिले असतीन मुडदे!”

वकील मॅडम नवीन होत्या, म्हणून खरं बोलल्या. “तिकीट आहे, आजी.”

मामी धपकन खाली बसली. दुकानातला टाइपरायटर जागचा हलला. संगणक आले तरी मी तो ठेवला आहे, शोभेला. त्या दिवसापासून त्याचं ‘ळ’ उमटत नाही.

आता मामी कोण ते सांगतो. मामी म्हणजे काही माझी सख्खी मामी नव्हे, ती अख्ख्या गावाची मामी. जुन्या गावात आमच्या घराला तिचं घर लागून होतं. उंचीला धानाच्या पोत्याएवढी, रुंदीलाही तेवढीच. सकाळ-संध्याकाळ दातांना गुडाखू, म्हणजे तंबाखूचा लेप, घासायची आणि ते तोंडात असतानाही बोलायची, त्यामुळे तिच्यासमोर पांढरा सदरा घालून कुणी उभं राहत नसे. आसगावच्या फाट्यावरून तिनं हाक मारली की सुटून गेलेली एसटी उलटी येत असे. एकदा तर मालगाडी आली. हे सांगितलं की लोक मला खोटारडा म्हणतात, कारण त्या फाट्यावर रूळच नाहीत. तेच तर सांगून राहिलो मी, बाप्पा. रूळ नसताना आली.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: “मंग? मी का खोटी सांगून राहिली?” हे ती खरं बोलल्यावरच विचारायची. खोटं बोलताना तिला कुणाच्या मताची गरज लागत नसे.

एवढी दांडगी बाई, पण लाजेच्या बाबतीत जगावेगळी. नदीवर कुणी बाई ओलं सोडून कोरडं नेसायला लागली की मामी डोळे मिटायची. बाई सोडा, म्हैस धुताना पाहिलं तरी मिटायची. कांदा सोलतानाही तिचे डोळे मिटलेले असत. लोक म्हणत, झोंबतो म्हणून. मला ते पटलेलं नाही.

आणि याच गुणावर गावानं तिला मोठं काम दिलं होतं.

आमच्या जुन्या गावाला एक बोडी होती. बोडी म्हणजे शेताच्या कडेचं लहान तळं. त्या बोडीतून, कुणाच्या तरी आज्याच्या आज्याच्या काळात, एक दगडी देवी निघाली. तिचं नाव बोडीची माय. विद्वान येऊन सांगून गेले की ही यक्षी आहे, फार जुनी आहे. आम्ही म्हटलं, असंन. आम्हाला ती मायच. अंगाला शेंदूर, वरून नऊवारी हिरवं लुगडं, डोईवर पदर. वर्षातून एकदा, चैतात, मायची आंघोळ. देवळाला चारही बाजूंनी पडदे लावायचे. आत एकच बाई जायची, तीसुद्धा डोळ्यांवर धडुतं बांधून. जुनं लुगडं सोडायचं, पाणी घालायचं, तेल-शेंदूर लावायचा, नवं लुगडं नेसवायचं, सगळं हातानं चाचपत. कारण सरळ होतं. आपल्या मायले उघडी कोण पायते?

मामी लग्न होऊन आली त्याच वर्षी हे काम तिच्याकडे आलं. तिच्याइतके घट्ट डोळे गावात दुसऱ्या कुणाला मिटता येत नव्हते. धडुतं बांधून, वर पदर घेऊन, आतून पापण्या आवळून ती आत शिरायची. पडद्याबाहेर आम्हाला नुसता आवाज यायचा. “इकडं वळ ना माय. हात वर कर. किती गुदगुल्या होतात तुले!” दगडाला गुदगुल्या होतात हे आम्ही लहानपणापासून धरूनच चाललो होतो.

एकदा जुन्या मूर्तींचे फोटो काढत फिरणारा एक माणूस आला. सभ्य होता, चष्मा होता. म्हणाला, “जरा ते कापड बाजूला करता का? शिल्प नीट दिसत नाही.” मामीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं त्यानं तिच्याच पदराला हात घातला. मग ती त्याच्या मागे लागली. हातात काय होतं? काही म्हणतात खराटा, काही म्हणतात मुसळ. मी पाहिलं त्याप्रमाणे नांगर होता. तो माणूस कॅमेऱ्यासकट बोडीत उतरला आणि छातीभर पाण्यात उभा राहून त्यानं लांबून एक फोटो घेतला. लुगडं, पदर, आणि मध्ये शेंदराचा गोळा. बोडीच्या मायचा जगात तेवढाच एक फोटो.

मग धरण आलं. गाव उठलं. पत्रे, छपराचे कवेलू, ढोरं, पाटा-वरवंटा ट्रकांत चढले. मायला हलवायचं तर दिवस पाहून हलवायचं, म्हणून ती शेवटी ठेवली. त्या दिवसाच्या आधीच एका सकाळी मामी दिवा लावायला गेली तर ओटा रिकामा. चोरांनी लुगडं सोडून ओट्यावर फेकलं होतं. ओझं कशाला, म्हणून असेल.

गाव धावलं. आम्ही सारे कानांवर हात ठेवून उभे राहिलो. आता मामी ओरडणार, आणि ट्रकांच्या काचा फुटणार.

मामी ओरडली नाही. तिनं लुगडं उचललं, झटकलं, घडी घातली, छातीशी धरली. म्हणाली, “उघडी नेली.” बस. एवढंच.

माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका हबकलो नव्हतो.

नव्या गावात, पुनर्वसनाच्या सरळ रेषेतल्या घरांत, मामीच्या ट्रंकेत ते लुगडं राहिलं. दर चैतात ती ते धुवायची, वाळवायची, परत ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “कोणतरी चांगल्या घरची बाई असंन तिथं. लुगडं नेसवलंच असंन मायले.” एवढ्या वर्षांत ती याच एका भरवशावर जगली. आणि तो भरवसा माझ्या दुकानात, लॅपटॉपच्या पडद्यावर फुटला. आता कळलं ना ती का ओरडली?

तर खटला असा होता. मूर्ती विकणारा एक दलाल पकडला गेला. त्याच्या जबानीत आमच्या जुन्या गावाचं नाव निघालं. मूर्ती परत द्या म्हणून आपल्या सरकारनं तिकडच्या कोर्टात दावा लावला, आणि रेवतकर मॅडम इकडचा पुरावा गोळा करत होत्या. वस्तुसंग्रहालयाचं उत्तर मॅडमनी आम्हाला वाचून दाखवलं. दलालाच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? आम्ही ही मूर्ती राजरोस घेतली आहे. आणि तुमचा जो एकुलता फोटो आहे त्यात वस्त्र दिसतं, मूर्ती दिसत नाही.

“म्हणजे का?” मामीनं विचारलं.

“म्हणजे ते म्हणतात की लुगड्याच्या आत हीच मूर्ती होती कशावरून.”

“मंग लुगड्याच्या आत का भुईमुगाचं पोतं होतं?”

मॅडम समजूत घालत म्हणाल्या, “म्हणूनच तर तुम्ही हव्या, आजी. तुम्ही इतकी वर्षं तिला आंघोळ घातली. तुम्ही तिला नीट पाहिलेलं आहे.”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“डोये बांधून घालत होतो ना आंघोळ. मी कायले पाहू?”

मॅडम माझ्या स्टुलावर बसल्या. त्या स्टुलाला तीनच पाय आहेत हे सांगायच्या आत त्या खालीही बसल्या. अख्ख्या जगात एकच साक्षीदार, आणि त्या साक्षीदारानं आयुष्यभर डोळे मिटलेले!

आमचे सरपंच मध्ये पडले. “मामी, फोटो पाहून हो म्हणून टाक ना. का जाते तुहं?”

“कोर्टात देवाची शपथ घ्या लागते ना?”

“हो.”

“कोणत्या देवाची घेऊ? तिचीच ना? तिची शपथ घिऊन तिलेच उघडी पाहू? तुह्या मायले पाहतं का तू असा?”

सरपंच त्यानंतर दोन-तीन ग्रामसभांना आले नाहीत.

साक्ष भंडाऱ्याच्या कोर्टात झाली. मामीला घेऊन मी गेलो. समोर भलामोठा पडदा. पडद्यावर एका चौकटीत तिकडचे न्यायाधीश, दुसऱ्या चौकटीत वस्तुसंग्रहालयाचा लाल टायवाला वकील. तिसऱ्या चौकटीत पांढऱ्या केसांची एक गोरी बाई, मूर्तींची देखभाल करणारी. ती थेट मायच्या दालनातच लॅपटॉप घेऊन उभी होती. दुभाषी मुंबईहून आणलेला. त्याला इंग्रजी उत्तम यायचं, मराठीही उत्तम यायचं, फक्त मामी काय बोलते ते कळत नव्हतं. म्हणून आमच्या झाडीबोलीतून मराठीत आणायला मला मध्ये उभं केलं. म्हणजे मामी मला सांगणार, मी दुभाष्याला, दुभाषी समुद्रापलीकडे. शिव्या गाळायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशी मी एवढा घाम गाळला की बस.

गोऱ्या बाईनं कॅमेरा मायकडे वळवला. मामी तत्काळ भिंतीकडे वळली.

“आजीबाई, पडद्याकडे पाहा,” इकडचे साहेब म्हणाले.

“नाही पाहत, साहेब.”

“पाहिल्याशिवाय ओळखणार कशी?”

“लुगडं नेसवा. मंग पाहतो.”

मी सांगितलं, दुभाष्यानं सांगितलं. पडद्यावरचा लाल टायवाला पहिल्यांदा हसला, मग दचकला, मग विचारात पडला. त्याचं डोकं कसं चाललं ते मला इथून दिसत होतं. मूर्ती झाकली तर म्हातारी काय ओळखणार? नाक-डोळेसुद्धा धड दिसणार नाहीत. आणि जबानीत तर कधी पाहिलंच नाही म्हणते, तर ओळखेल कशावरून? आपलाच फायदा. तो उठून म्हणाला, आमची हरकत नाही.

रेवतकर मॅडम कपाळाला हात लावून बसल्या होत्या. त्यांना वाटलं, गेला खटला.

गोऱ्या बाईनं लगेच एक पांढरी चादर आणली. मॅडमनी मामीच्या कानात सांगितलं. झालं! “पांढरं? मायले विधवा करता का रे भोसड...” पुढचं मी समुद्रापलीकडे जाऊ दिलं नाही. दुभाष्याला म्हटलं, “साक्षीदाराला दुसरा रंग हवा आहे.”

शेवटी ट्रंकेतलं लुगडं पाठवायचं ठरलं. तेच, ओट्यावर टाकलेलं. मामीनं ते धुतलं, घडीत कडुनिंबाचा पाला घातला, पार्सल केलं. काही दिवसांनी मॅडमचा फोन आला: लुगडं पोहोचलं. पण कापडात कीड असेल तर मूर्तीला बाधेल म्हणून त्यांच्या नियमाप्रमाणे ते बर्फाच्या कपाटात ठेवलं आहे.

“फ्रिजात?” मामी किंचाळली. “माह्या मायचं लुगडं फ्रिजात? हिरवी भाजी हाय का ते? थंडी नाही भरणार तिले?” नंतर ती तीन गावांत सांगत फिरली की तिकडचे लोक नेसायचे कपडे फ्रिजात ठेवतात, म्हणून ते एवढे पांढरे पडतात. हे शास्त्र अजून कुणी खोडलेलं नाही.

पुढच्या तारखेला कोर्ट भरलं. भरलं म्हणजे काय, भंडाऱ्यात त्या दिवशी बाजार बसला नाही. भाजीवाल्या टोपल्यांसकट कोर्टाच्या व्हरांड्यात होत्या. मामी भिंतीकडे तोंड करून उभी, डोळ्यांवर पदर. पडद्यावर गोरी बाई हातात हातमोजे घालून, लुगडं उलगडून उभी. तिला नऊ वार पाहून घेरी आली होती हे स्पष्ट दिसत होतं.

“पह्यलं कमरेले गुंडाळ म्हणा. गाठ पोटावर. अवो आवळू नको, तिचं जेवण व्हायचं हाय.”

मी सांगितलं. दुभाष्यानं सांगितलं. गोऱ्या बाईनं गुंडाळलं.

“आता निऱ्या घाल. माह्या हातासारख्या.” आणि मामी भिंतीकडे तोंड करून हवेत निऱ्या घालायला लागली. चारही बोटं उघडत-मिटत होती, जसं खरंच कापड हातात आहे. व्हरांड्यातल्या भाजीवाल्या नकळत तशाच बोटं हलवायला लागल्या. कोर्टाच्या शिरस्तेदारीण बाई मांडीखाली हात दाबून बसल्या होत्या, त्यांचीही बोटं सुटली.

“आता कासोटा. पायाच्या मधून मांग घे. मांग!”

गोरी बाई मागे गेली. मूर्ती भिंतीच्या अगदी जवळ होती, तेव्हा तिला अंग चोरून मागे शिरावं लागलं. पडद्यावर आम्हाला फक्त मायचा पुढचा भाग आणि तिच्या मागून डोकावणारे पांढरे केस दिसत होते.

मामी एकदम म्हणाली, “हळू! आता डाव्या कुशीमांगं अडकन. झटका नको देऊ, फाटते. बोट घालून कापड वर उचल, मंग सुटते.”

मी सांगितलं. दुभाष्यानं सांगितलं.

मूर्तीच्या मागची हालचाल थांबली. मग पांढरे केस वर आले, तोंड दिसलं. तेही लुगड्यासोबत फ्रिजात ठेवल्यासारखं झालं होतं. ती काहीतरी बोलली. दुभाषी भाषांतर करायचं विसरला.

“काय म्हणाल्या?” इकडच्या साहेबांनी विचारलं.

“त्या म्हणाल्या,” दुभाषी चाचरला, “अडकलं आहे. डाव्या कुशीच्या मागे दगडाचा टवका उडालेला आहे, त्यात. आणि हा टवका कुठल्याही फोटोत नाही. मूर्ती आली तेव्हापासून तिची पाठ भिंतीकडे आहे. तो फक्त मला माहीत आहे.”

लाल टायवाला उभा राहून ओरडायला लागला, म्हणे काही बोलू नका, एक शब्द बोलू नका. पण बाई बोलून गेली होती, आणि दोन्हीकडच्या कोर्टांत ते नोंदलं गेलं होतं. रेवतकर मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं. व्हरांड्यातल्या टोपलीतून एक दुधीभोपळा गडगडत आत आला, तो कुणी उचलला नाही. मी जन्मभर थापा मारत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा खरं असं काही पाहिलं, ज्याच्यात भर घालायला जागा नव्हती.

“सुटलं का?” एकट्या मामीचंच काम चालू होतं. “सुटलं असंन त पदर घ्या म्हणा. उजव्या अंगानं. डोईवरून.”

हातमोजे काढून टाकून गोऱ्या बाईनं पदर घेतला. डोक्यावरून घेतला, नीट, कानांमागे सारून. कानांमागे सारायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“नेसली,” मी म्हटलं.

मामी वळली. डोळ्यांवरचा पदर काढला. पडद्यावर हिरव्या लुगड्यात माय उभी होती. मामी तिच्याकडे पाहत राहिली, मग लहान आवाजात म्हणाली, तिला लहान आवाज आहे हे मला त्याच दिवशी कळलं, “वाळली वो तू माय. जेवू नाही घालत का तुले?”

दुभाष्यानं हेही सांगितलं. गोरी बाई तोंडावर हात ठेवून म्हणाली की मूर्ती आली तेव्हा तिच्या अंगावर शेंदराचे जाड थर होते, ते सारे खरवडून काढले. मॅडमनी तेही नोंदवून घेतलं.

खटला जिंकला. वर्तमानपत्रांत आलं. गावात ढोल वाजले. मामीनं नव्या गावात ओटा बांधून घेतला, चुना मारला, वर मांडव घातला. मॅडम आल्या, पण मिठाई आणली नव्हती.

“आजी, मूर्ती देशात आली.”

“मंग गावात कदी येते?”

“म्हणजे... देशात आली आहे.”

“देश म्हणजे कोणतं गाव, बाई?”

मॅडमनी हळूहळू सांगितलं. एवढी जुनी वस्तू म्हणजे सरकारची मालमत्ता. ती आता शहरातल्या सरकारी संग्रहालयात ठेवली आहे, सुरक्षित. गावाला मिळावी म्हणून आपण अर्ज करू, मीच करते, पण वेळ लागेल. मामी ऐकत होती. मी कानांत बोटं घालायच्या तयारीत होतो.

“लुगडं?” मामीनं विचारलं.

मॅडमनी एका कागदावर संग्रहालयाचा पत्ता लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही शहरात गेलो. तिकीट काढून आत शिरलो. लांबच लांब दालन, गार फरशी, पिवळे दिवे. सगळं तसंच, फक्त पाट्या मराठीत. शेवटी काचेच्या मोठ्या कपाटात माय. पाटीवर लिहिलं होतं, यक्षी. गळ्यात हार, कमरेला मेखला, हातात कडी. आणि दागिने सोडले तर अंगावर काही नाही. लुगडं शेजारच्या दुसऱ्या काचेत, घडी करून, वेगळ्या पाटीखाली.

मी बाजूला सरकलो. आता त्या दालनातल्या सगळ्या काचा जाणार होत्या, आणि खरं सांगतो, मला त्या जायला हव्या होत्या.

मामी ओरडली नाही. तिनं डोळे मिटले, काचेकडे पाठ केली, आणि दोन्ही हातांनी पदर पसरला. नदीवर एखादी बाई नेसत असताना दुसरी बाई आडोसा धरते, तसा. माय मामीपेक्षा उंच. मामीनं टाचा वर केल्या.

लोक येत, थबकत, दुसऱ्या बाजूनं पाहायला जात. ते ज्या बाजूला जातील त्या बाजूला मामी पावलांचा आवाज ऐकून सरकायची. पहारेकरी आला, त्याला काही सुचेना, त्यानं साहेबांना बोलावलं. साहेब भले गृहस्थ होते, आवाज न चढवता बोलले.

“आजी, कापडानं दगडाला ओल धरते. म्हणून आम्ही नेसवत नाही. नियम आहे.”

“मी काचेले हात लावला का?”

“नाही.”

“उभं राहाले मनाई हाय का इथं?”

साहेबांनी भिंतीवरची नियमांची पाटी वाचली. थुंकू नये, फोटो काढू नये, वस्तूंना स्पर्श करू नये, मोठ्यानं बोलू नये. मामी त्यातलं काहीच करत नव्हती. मोठ्यानंसुद्धा बोलत नव्हती. साहेबांनी पाटी पुन्हा एकदा वाचली आणि निघून गेले.

दुपारी मी तिला चहा आणला, तिनं तोंड पुढे केलं, मी पाजला. हात खाली येत नव्हते. दंड थरथरत होते, पण पदर हलत नव्हता. संध्याकाळी दिवे मालवायला पहारेकरी परत आला. दिवसभर त्यानं तिला पाहिलं होतं. टोपी काढून हातात घेत तो म्हणाला, “आजी, असं किती दिवस उभ्या राहाल हो तुम्ही?”

मामीनं डोळे उघडले नाहीत.

“मी आजच आहो. उद्या माही सून येते.”